मांडी घालण्यापुरती गोळी

आमचे हे कुणाच्याही घरी गेले की आधी जमिनीकडे बघायचे. सोफा असो, दिवाण असो, थोड्या वेळात ह्यांनी खाली बैठक मारलेली असायची. मग यजमानांची पंचाईत व्हायची. केंद्र सरकारातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला वयस्कर माणूस खाली बसलाय म्हटल्यावर तेही बिचारे खाली उतरायचे आणि त्यांच्या बायका माझ्याकडे बघायच्या. मी मात्र सोफा सोडत नसे. मी शाळेत शिकवलं आहे, उभ्यानं आयुष्य काढलं आहे. खुर्ची दिसली की मी बसते.

आम्ही दोघंही विदर्भातले. ह्यांच्या नोकरीमुळे दिल्लीत आलो आणि इथलेच झालो. आधी सरकारी क्वार्टर, मग द्वारकेच्या सोसायटीतला हा तळमजल्यावरचा फ्लॅट. तळमजला घ्यायचा हट्ट माझा होता, कारण ह्यांच्या हृदयात स्टेंट बसला होता आणि लिफ्ट बंद पडणं हा इथला नित्यनेम आहे. पण ह्यांना तळमजला वेगळ्याच कारणानं आवडला. वर्षावासात लोकांना यायला बरं पडेल, म्हणाले.

वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. या काळात आमच्याकडे बौद्ध घरांतून रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. गावाकडे ते विहारात होतं, इथे ते आमच्या दिवाणखान्यात व्हायचं. सोफा भिंतीला सरकवायचा, पांढरी चादर अंथरायची, चौरंगावर बुद्धमूर्ती आणि ग्रंथ, मेणबत्ती, अगरबत्ती, आणि चौरंगासमोर मांडी घालून हे. आजूबाजूच्या सेक्टरांतली विदर्भ-मराठवाड्यातली घरं जमायची. कुणी मंत्रालयात, कुणी बँकेत, कुणी निवृत्त. दिल्लीत वाढलेल्या मुलांना ग्रंथातली निम्मी मराठी कळत नसे, मग हे थांबून हिंदीत सांगायचे आणि पुन्हा मराठीवर यायचे. आवाज असा होता की शेजारचे पंजाबी आजोबा अर्थ न कळता दारात खुर्ची टाकून ऐकत बसायचे. वाचन कधी अर्धवट राहिलं नव्हतं. तापात वाचलं, स्टेंट बसवून घरी आल्यावर वाचलं. आश्विन पौर्णिमेला शेवटचं पान व्हायचंच.

गुडघ्यांची गोष्ट मात्र सुरू झाली जानेवारीत, पानिपतला. इथली मराठी मंडळी दर वर्षी बस करून काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, जातात. तिथे नमन झालं, भाषणं झाली, आणि गवतावर सतरंजी टाकून डबे उघडले. जेवण झालं, सगळे उठले, हे उठेनात. हात टेकले, एक गुडघा उचलला, परत बसले. दोन तरण्या पोरांनी काखेत हात घालून ह्यांना उभं केलं. कुणी काही वाईट म्हणालं नाही. एक जण गमतीनं म्हणाला, काका, लढाई संपली, चला आता. हेही हसले. पण परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर तोंड करून बसले ते द्वारका येईपर्यंत बोलले नाहीत. मला तेव्हाच कळलं की आता हे काहीतरी करणार.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. एक्स-रे बघून त्यांनी सांगितलं की दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली आहे. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, खुर्ची वापरा, मांड्यांचे व्यायाम करा, शेकत जा, वरून लावायचं मलम लावा. फार दुखलं तर ही सुजेची गोळी, पण जेवल्यावरच, आणि सकाळी उपाशीपोटी ही दुसरी कॅप्सूल, पोटाच्या बचावासाठी. ह्यांच्या हृदयाच्या गोळ्यांची चौकशी त्यांनी स्वतःहून केली होती. बोट वर करून म्हणाल्या होत्या, "खून पतला करने वाली दवा चल रही है आपकी, इसलिए ये बस चार-पाँच दिन. उसके बाद बिल्कुल नहीं." मी शेजारीच बसले होते, मी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं. ह्यांचे कान शेवटपर्यंत तिखट होते.

तिसऱ्या दिवशी हे दिवाणखान्यात मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. शाळेतल्या पोरानं नवी सायकल दाखवावी तसं मला बोलावून दाखवलं. किती आनंद झाला होता त्यांना. मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पानिपतच्या बसमधला तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता.

चार-पाच दिवस संपले. मग ज्या दिवशी कार्यक्रम असेल त्या दिवशी एक. मग लग्नाला जायचं तर एक. मग आषाढी पौर्णिमा आली आणि रोज एक. गोळी मिळायला काही अडचण नव्हती, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात नाव सांगितलं की मिळायची. कॅप्सूल मात्र त्यांनी बंद केली होती. ती म्हणे गॅसची आहे आणि मला गॅस होत नाही. मी म्हटलं, बाईंनी पोटाच्या बचावासाठी दिली आहे. तर म्हणाले, पोटाला काय झालंय, उगाच जास्तीची औषधं कशाला खायची. म्हणजे जी गोळी सोडायची ती चालू आणि जी घ्यायची ती बंद. हे ऑफिसात दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढायचे म्हणून नावाजलेले होते.

त्या वर्षी आणखी एक झालं. अष्टशील पाळायचं असेल तर दुपारी बारानंतर जेवायचं नाही, असा नियम आहे. पौर्णिमेला, अमावस्येला पुष्कळ जण पाळतात, मीही पाळते. पण आता निवृत्त झालोय, वेळ आहे, म्हणून ह्यांनी ठरवलं की यंदा अख्खा वर्षावास एकभुक्त राहायचं. साडेअकराला जेवायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी थोडा नाश्ता करेपर्यंत काही नाही. पाणी, फार तर लिंबाचं सरबत. आणि वाचन संध्याकाळी. म्हणजे गोळी वाचनाच्या आधी, पाचच्या सुमाराला, रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर. मी म्हटलं, निदान एक बिस्किट खा. तर मला समजावून सांगितलं, शांतपणे, लहान मुलीला सांगावं तसं, की बारानंतर अन्न चालत नाही, औषध चालतं. नियमात तशी सूट आहे. खरंच आहे ती. माणसाला कुठलाही नियम स्वतःच्या सोयीनं वाकवता येतो, पण आमचे हे स्वतःच्या गैरसोयीनं वाकवायचे.

मी भांडले. आता नातेवाईक फोनवर हळूच म्हणतात की बायकांनी लक्ष द्यायला हवं होतं, म्हणून हे लिहून ठेवते. मी लक्ष दिलं होतं. मी ओरडले, अबोला धरला, गोळ्यांची पाकिटं लपवली, त्यांनी नवी आणली. एका रविवारी भन्ते आले होते तर त्यांच्यासमोर तक्रार केली. भन्ते हसून म्हणाले, उपासक, आजारी माणसाला यात सक्ती नाही, शरीराला छळू नये हे तर तुम्हीच रोज वाचता. ह्यांनी हात जोडले आणि म्हणाले, पण मी आजारी कुठे आहे? गोळीचा तोच तर गुण होता. ती दुखणं असं झाकायची की दुखणाऱ्याला वाटावं ते नाहीच.

मुलगी गुरुग्रामला असते. तिला मी सगळं सांगितलं होतं. तिनं व्हिडिओ कॉल करून बापाला घेरलं. "अच्छा बाबा, एक काम करा ना यार, चेअरवर बसून वाचा. सिंपल." हे हसले आणि तिच्या ऑफिसची चौकशी करायला लागले. मुलीशी त्यांनी वाद घातला नाही. वाद माझ्यासाठी राखून ठेवलेला असायचा.

तो वाद मला शब्द न् शब्द आठवतो. ऑगस्टमधली चिकट दुपार होती, कूलर नुसता घरघरत होता. मी म्हटलं, टेबल आणू, ग्रंथ टेबलावर ठेवू, म्हणजे ग्रंथ खाली आणि तुम्ही वर असं होणार नाही. ते म्हणाले, सगळे खाली बसलेले असताना मी एकटा वर बसणार नाही. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्या आजोबांना गावात कुणासमोर खुर्चीवर बसता आलं नाही. माझ्याही आजोबांना नाही. ती खुर्ची मिळावी म्हणून केवढं आयुष्य गेलं एकेकाचं. आणि तुम्ही मिळालेली खुर्ची नको म्हणता?"

ते म्हणाले, "त्यांना खाली बसवलं होतं. मी बसतो."

माणूस बरोबर बोलत होता आणि चूक करत होता. असं असलं की भांडण संपवता येत नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली.

वाचनाला येणाऱ्यांत मराठवाड्यातले एक गृहस्थ आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला वहिनी. त्यांचेही गुडघे तसलेच. भिंतीला हात लावून, तोंडानं स्स करत ते खाली बसायचे. ह्यांना ते बघवलं नाही. एका संध्याकाळी ह्यांनी आपल्या पाकिटातली अर्धी पट्टी कापून त्यांच्या खिशात घातली आणि म्हणाले, घ्या, मांडी घालण्यापुरती आहे, बाकी काही नाही. प्रसाद वाटावा तशी वाटली. तेव्हापासून भाऊही न कण्हता बसायला लागले, आणि पांढऱ्या चादरीवर दोन म्हातारे ताठ कण्यानं बसलेले बघून लोकांना केवढं कौतुक वाटायचं.

सप्टेंबर सरता सरता हे थकायला लागले. आश्विन पौर्णिमेसाठी पांढरे कपडे घ्यायला आम्ही मेट्रोनं करोल बागेत गेलो. द्वारकेहून गाडी बदलावी लागत नाही, म्हणून दर वर्षी तिथेच जातो. स्टेशनच्या जिन्यावर हे मधेच थांबले, कठड्याला धरून. ओठ पांढरे पडले होते. विचारलं तर म्हणाले, उमस आहे, दमट हवेनं होतं असं. येताना डब्यात एका मुलीनं उठून जागा दिली आणि हे बसले. एरवी ज्येष्ठांसाठीच्या जागेवर बसायला ह्यांना अपमान वाटायचा. त्या दिवशी बसले, डोळे मिटले, आणि आमचं स्टेशन आल्यावर मला ह्यांना हलवून उठवावं लागलं. मला वाटलं, एका जेवणावर राहून राहून अशक्तपणा आलाय. त्यांनाही तेच वाटलं असावं. एकच पौर्णिमा राहिली आहे, म्हणाले, मग खातो की तुझ्या हातचं दोन्ही वेळचं.

शौचाला काळी होत होती. डांबरासारखी, चिकट. हे मला नंतर दवाखान्यात कळलं, तेही डॉक्टरांनी विचारलं म्हणून. बरेच दिवस होत होती. ह्यांनी स्वतःच कारण लावलं होतं की जेवण कमी झालं, पालक जास्त होतो, म्हणून रंग बदलला. आमच्या पिढीचे पुरुष शेजारच्या देशाच्या राजकारणावर तासभर बोलतील, पण असल्या गोष्टी बायकोला सांगणार नाहीत. पोट दुखलं असतं तर सांगितलं असतं कदाचित. पोट दुखलंच नाही.

पौर्णिमेला थोडे दिवस उरले असताना, संध्याकाळी वाचन चालू होतं. शेवटचा भाग सुरू झाला होता. मी मागे सोफ्यावर होते. ह्यांचा आवाज खाली गेला. मग एक ओळ त्यांनी दोनदा वाचली. ह्यांनी ओळ कधी दोनदा वाचली नव्हती. मी उठले. ओळीवर बोट ठेवून हे तसेच बसले होते, कपाळावरून घामाच्या धारा. मग पुढे वाकले आणि उलटी झाली. कॉफीचा गाळ सांडावा तशी. मी वेड्यासारखी म्हणत राहिले, कॉफी कुठून आली, ह्यांनी कॉफी कधी घेतली. भाऊंनी त्यांना आडवं केलं. आडवं होता होता ह्यांचा हात ग्रंथ बाजूला करत होता, पान खराब होऊ नये म्हणून. तरी समासात एक तपकिरी डाग पडलाच.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. दर्द की गोली लेते हैं? कितने दिन से? साथ में हार्ट वाली भी? मी पर्समधून पट्टी काढून दिली. मग दुर्बिणीनं पोट तपासलं. आत व्रण झाला होता आणि त्यातून रक्त वाहत होतं, किती दिवस ते कोण जाणे. मूत्रपिंडांवरही ताण आला होता, तेही या गोळीचंच काम, असं ते म्हणाले. रक्ताच्या पिशव्या लावल्या.

मी त्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी गाठलं आणि विचारलं, उपाशीपोटी घेतली म्हणून झालं का हे? मला तो उपासच गुन्हेगार हवा होता. त्यांनी मला बसवलं आणि नीट सांगितलं. रिकामं पोट हे एक झालंच, पण जेवून घेतली असती तरी वाचले असते असं नाही. ही गोळी फक्त पोटात उतरून जळजळ करत नाही. ती रक्तातून फिरते आणि सूज आणणारं जे शरीरात तयार होतं ते थांबवते. पण पोटाच्या आतलं अस्तर राखणारंही तेच असतं. म्हणजे गुडघा शांत होतो आणि पोट उघडं पडतं. त्यात वय झालेलं, त्यात रक्त पातळ करणारी हृदयाची गोळी, त्यात बचावाची कॅप्सूल बंद. आणि दुखणं मारणारी गोळी पोटाचंही दुखणं मारते, म्हणून पुष्कळांना आधी काही कळत नाही. शौचाला काळी होणं, चक्कर, दम लागणं, हीच काय ती खूण. खूण दिसली की त्याच दिवशी यायचं असतं. ते हे सगळं हिंदीत, हळू आवाजात सांगत होते आणि मी मान हलवत होते. सगळं समजत होतं. समजून घेण्याइतकं सोपंच होतं ते. याचाच मला राग येत होता.

आणखी एक पेच होता. रक्तस्राव थांबायचा तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवायला हवी, आणि ती थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. डॉक्टर आपसांत बोलायचे, आम्हाला सांगायचे, पुन्हा बोलायचे. मुलगी इंग्रजीतून प्रश्न विचारत होती आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन रडत होती. माणूस एका गोळीनं असा मधोमध अडकला होता की इकडे सरकवला तरी धोका आणि तिकडे सरकवला तरी.

मधे एक दिवस फार चांगला गेला. रक्त चढल्यावर चेहऱ्यावर रंग आला होता. मी भेटायच्या वेळेला गेले तर डोळे उघडे होते. पहिलं वाक्य काय असेल? वाचन राहिलं. मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, तू वाच, पौर्णिमेच्या आत होईल. माझ्या आत सगळा राग उसळून आला. दवाखान्याच्या खाटेवर, हातात सुया खुपसलेल्या माणसावर कुणी रागावतं का? मी रागावले. मी म्हटलं, "मी वाचीन. पण मी खाली बसणार नाही, आधीच सांगते. खुर्चीत बसून वाचीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता पुन्हा ते आजोबांचं काढतील. पण ते म्हणाले, "बस. आणि माझीपण खुर्ची मांडून ठेव."

इतके महिने भांडून मी हे एक वाक्य मिळवलं. मला इतकं बरं वाटलं की मी खाली जाऊन चहा प्यायले, समोसा खाल्ला, आणि मुलीला म्हटलं, बाबा सुधारले गं. आम्ही दोघी हसलो. खुर्ची उंच पाठीची घ्यायची की हाताची, यावर बोललोही. दुसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टरांना भीती होती तशी, ह्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी शर्थ केली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. संध्याकाळी, घरी वाचन सुरू व्हायच्या वेळेला, हे गेले.

मला त्यांचा राग येतो. अजून येतो. मध्यम मार्ग तोंडपाठ असलेला माणूस, लोकांना हिंदीत समजावून सांगणारा, आणि स्वतःच्या दोन गुडघ्यांना मध्यम मार्ग देता आला नाही. शेक होता, मलम होतं, काठी होती, साधी खुर्ची होती. रात्री... नाही, रात्रीचं काही सांगत नाही. दिवसा मी ठीक असते. साडेअकरा वाजले की ताट घ्यायला हात जातो, एवढंच.

पौर्णिमा तशीच गेली. राहिलेली पानं गेलेल्या माणसासाठीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाचायची असं ठरलं. मुलीनं चौरंगाच्या जागी जेवणाचं टेबल आणलं. पांढरी चादर टेबलावर घातली, उरलेली खाली अंथरली. टेबलाशी दोन खुर्च्या मांडल्या. एक माझी. दुसरीबद्दल मी कुणालाच काही स्पष्टीकरण दिलं नाही. लोक आले, खुर्च्यांकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि खाली बसले. मी आधी सगळ्यांना जेवायला लावलं होतं. बाराच्या आत, नियमात बसवून.

मी ग्रंथ उघडला. समासातला तो डाग सापडला. चष्मा पुसला. समोर पाहिलं तर भाऊ खाली बसत होते. भिंतीला हात नाही, तोंडानं स्स नाही. अलगद मांडी घातली, पाठ ताठ केली. चेहरा अगदी शांत. तो शांतपणा मी तीन महिने रोज बघितला होता.

मी ग्रंथ मिटला. म्हटलं, "भाऊ, गोळी घेऊन आलात ना?"

सगळी खोली त्यांच्याकडे वळली. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "आजच्यापुरती, वहिनी. त्यांच्यासाठी खाली बसायचं होतं."

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण मी ती दुसरी खुर्ची टेबलापासून मागे ओढली आणि म्हटलं, "ही त्यांनी मांडायला सांगितली होती. त्यांच्यासाठी बसायचं असेल तर इथे बसा."

मग मुलीनं एक हात धरला, भाऊंच्या बायकोनं दुसरा, आणि त्यांना उठवलं. येऊन ते माझ्या शेजारी बसले. खिशातून अर्धी पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली, ती मी चादरीखाली सरकवली. मागे कुणीतरी सोफा पुढे ओढल्याचा आवाज आला. कोण कोण वर बसलं ते मी बघितलं नाही. मी डागाच्या पुढच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.